प्रश्न तुमचे : एनएफएलचे सामने आणि अंदाजाचं गणित

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा हंगाम म्हणजे ३२ संघ, १८ आठवडे, प्रत्येकाचे १७ सामने आणि एकूण २७२. त्यानंतर प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, १३. पुढच्या रविवारी कोण जिंकणार, हे आधी कसं ओळखायचं याबद्दल अमेरिकेतून आणि महाराष्ट्रातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. खेळ नवा असलेल्यांसाठी एवढंच सांगतो : टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की) ६ गुण, त्यानंतरच्या किकला १, फील्ड गोलला (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की) ३. खालची बरीच उत्तरं या तीन आकड्यांवर उभी आहेत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : ऑफिसात दर आठवड्याला 'पिकम' भरायचं असतं. प्रत्येक सामन्याचा विजेता निवडायचा, बस. मला खेळातलं फारसं कळत नाही. दहा मिनिटांत बऱ्यापैकी फॉर्म कसा भरू?

उत्तर : स्प्रेड, म्हणजे बाजाराने धरलेला गुणांचा फरक, वाचायला शिका, बाकी काही नाही शिकलात तरी चालेल. 'बफेलो उणे ७' याचा अर्थ बाजाराच्या मते बफेलो ७ गुणांनी सरस आहे. हा आकडा कुणा एका पंडिताच्या डोक्यातून आलेला नसतो. पैसे लावणाऱ्यांनी आठवडाभर इकडून तिकडून ढकलून तो जागेवर आणलेला असतो. दुखापती, हवामान, प्रवास, विश्रांती हे सगळं त्यात आधीच जमेस धरलेलं असतं. नुसते फेव्हरिट निवडत गेलात तरी हंगामाअखेर तीनातले जवळपास दोन सामने बरोबर येतात. खेळाची जाण असलेले तुमचे सहकारी यापेक्षा मागे राहतात ते बहुधा एकाच कारणाने. दर आठवड्याला चार-पाच ठिकाणी त्यांना 'आज काहीतरी वेगळं घडणार' असं वाटतं आणि ते उलटी निवड करतात.

फॉर्ममध्ये नुसता विजेता नाही तर शक्यताही लागत असेल, तर प्रत्यक्ष निकाल स्प्रेडच्या दोन्ही बाजूंना किती पसरतो हे माहीत हवं. त्याचं प्रमाण विचलन साधारण साडेतेरा गुणांचं आहे. त्यावरून ३ गुणांचा फेव्हरिट सुमारे ५९ टक्के वेळा जिंकतो, ७ चा ७० टक्के, १० चा ७७ आणि १४ चा ८५ टक्के. म्हणजे 'सहज जिंकेल' असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, तो ७ गुणांचा फेव्हरिटही दहातले तीन सामने हरतो.

मनीलाइनवरूनही, म्हणजे नुसत्या विजेत्यावर पैसे लावण्याच्या भावावरूनही, हेच काढता येतं. समजा एका संघापुढे उणे १५० (१५० लावून १०० जिंकायचे) आणि दुसऱ्यापुढे अधिक १३० (१०० लावून १३० जिंकायचे) लिहिलं आहे. पहिल्याची शक्यता १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्याची १०० भागिले २३०, म्हणजे ४३.५ टक्के. बेरीज १०३.५ येते. वरचे साडेतीन म्हणजे बुकीचं कमिशन, ते काढून टाकायचं : ६० भागिले १०३.५, म्हणजे खरी शक्यता ५८ टक्के. दुसऱ्याला उरतात ४२.

फॉर्म मंगळवारी भरू नका. तुमच्या पूलमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या या स्पर्धेत, प्रत्येक सामना सुरू होईपर्यंत निवड बदलता येत असेल, तर रविवारी सकाळचा आकडा घ्या. मंगळवार ते रविवार या दिवसांत क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, खांद्याचं काय झालं ते कळलेलं असतं. गुरुवारच्या सामन्याची निवड मात्र आधी भरायला विसरू नका. पूलमधले सर्वांत स्वस्तात गेलेले गुण तेच असतात.

प्रश्न (ठाणे) : स्प्रेड अडीचवरून साडेतीन झाला की समालोचक एवढी चर्चा का करतात? एका गुणाचाच तर फरक आहे.

उत्तर : तो एक गुण ३ या आकड्यावरून उडी मारून गेला म्हणून. फील्ड गोल ३ चा, टचडाउन किकसकट ७ चा, त्यामुळे सामने ठरावीक फरकांवर संपतात. साधारण सातातला एक सामना बरोबर ३ गुणांच्या फरकाने सुटतो, आणि ३ नंतर ७ चा नंबर लागतो. साडेचारवरून साडेपाचला गेलेला स्प्रेड त्या मानाने किरकोळ, कारण ५ गुणांनी फार कमी सामने सुटतात. २०१५ पासून टचडाउननंतरची किक ३३ यार्डांवरून मारावी लागते. पूर्वी ती जवळपास कधीच चुकत नसे, आता विसातली एखादी चुकते. किकऐवजी दोन गुणांसाठी केलेले प्रयत्नही वाढले आहेत. त्यामुळे ७ ची पकड जराशी सैल झाली आहे, ३ ची नाही.

प्रश्न (डॅलस, टेक्सस) : १३ सामने जिंकलेला संघ प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत हरतो. मग रेकॉर्ड बघून अंदाज बांधण्यात अर्थ काय?

उत्तर : फारसा नाही. रेकॉर्ड काय झालं ते सांगतं, संघ किती चांगला आहे ते नाही. तुम्ही बहुधा २०२२ च्या मिनेसोटा व्हायकिंग्जबद्दल लिहिताय. त्यांनी १३ जिंकले, ४ हरले. पण हंगामभरात ४२४ गुण केले आणि ४२७ दिले. तेरा विजय मिळवणारा संघ गुणांच्या हिशेबात उणे ३ वर होता! आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेले अकरा सामने त्यांनी खेळले आणि अकराही जिंकले. त्यातल्या एकात, इंडियानापोलिसविरुद्ध, ते ३३ गुणांनी मागे पडून ३९-३६ असे जिंकले, आणि एवढी पिछाडी लीगच्या इतिहासात कुणीच भरून काढलेली नव्हती. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात जायंट्सने त्यांना ३१-२४ असं घरच्या मैदानावर हरवलं. पुढच्या वर्षी रेकॉर्ड ७-१०. त्या वर्षी क्वार्टरबॅक कर्क कझिन्स निम्म्यातच जायबंदी झाला हे खरं, पण घसरण तो असतानाच सुरू झाली होती. पहिले तिन्ही सामने ते हरले होते.

चुरशीचे सामने जिंकण्याची हातोटी असते, असं वाटणं स्वाभाविक आहे. आकडे तिला फारसा दुजोरा देत नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत एक किक खांबाला लागून आत जाते की बाहेर, यावर सामना फिरतो आणि पुढच्या वर्षी तेच फासे उलटे पडतात. म्हणून विजयांऐवजी गुण बघा. सूत्र बेसबॉलकडून आलेलं आहे. तिथे घात २ चा घेत, फुटबॉलला २.३७ घेतात. केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागा, त्याचा २.३७ घात काढा, मग त्या संख्येला तिच्यात १ मिळवून येणाऱ्या संख्येने भागा. येईल ते 'अपेक्षित विजयांचं प्रमाण', त्याला १७ ने गुणा. ४०० केले आणि ३५० दिले तर ९.८ विजय. व्हायकिंग्जना हे सूत्र लावलं तर ८.४ येतात, तेराच्या पुढे साडेचारहून जास्त विजयांचं कर्ज.

२०२४ चे कॅन्सस सिटी चीफ्स हेही असंच उदाहरण. रेकॉर्ड १५-२, गुण ३८५ केले, ३२६ दिले, सूत्राने येतात दहा. संघ चांगला होता यात वाद नाही, सुपर बोलपर्यंत गेला. पण १५-२ वाल्या संघाचा दरारा त्याच्या गुणफरकात कधीच दिसला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मधल्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने त्यांना ४०-२२ असं लोळवलं.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया) : बुद्धिबळात असतं तसं एलो रेटिंग फुटबॉलच्या संघांना देता येतं म्हणे. एक्सेलमध्ये ते स्वतः कसं करायचं? पायऱ्या सांगाल का?

उत्तर : येतं, आणि सुरुवातीला यापेक्षा चांगलं काही नाही. फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने एनएफएलसाठी हीच पद्धत अनेक वर्षं चालवली.

एका शीटवर ३२ संघ आणि प्रत्येकापुढे १५००. दुसऱ्या शीटवर तारखेच्या क्रमाने सामने : यजमान, पाहुणा, सामन्याआधीचं दोघांचं रेटिंग, शक्यता, निकाल, नवं रेटिंग. यजमानाच्या रेटिंगमध्ये ४५ मिळवा, त्यातून पाहुण्याचं वजा करा. आलेल्या फरकाला ४०० ने भागा, १० चा तेवढा ऋण घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या संख्येने भागा. ही यजमानाची जिंकण्याची शक्यता. फरक ५० असेल तर ५७ टक्के, १०० असेल तर ६४, २०० असेल तर ७६ येतात. ते न जुळल्यास सूत्रात कंस चुकला आहे, आणि बहुतेकांचा तो ऋण चिन्हापाशीच चुकतो.

उदाहरण घ्या. यजमान १५६०, पाहुणा १५२०. फरक ४० अधिक ४५, म्हणजे ८५. शक्यता ६२ टक्के. २५ एलो म्हणजे १ गुण असं धरलं तर ८५ म्हणजे ३.४ गुणांचा स्प्रेड. प्रत्येक सामन्यासाठी २० हा ठरावीक गुणक घ्या. यजमान जिंकला तर त्याला २० गुणिले ०.३८ (१ वजा त्याची शक्यता), म्हणजे ७.६ मिळतात आणि पाहुण्याचे तेवढेच कमी होतात : १५६७.६ आणि १५१२.४. यजमान हरला तर २० गुणिले ०.६२, म्हणजे १२.४ जातात. अपेक्षित विजयाचं बक्षीस लहान आणि अनपेक्षित पराभवाची शिक्षा मोठी, हे आपोआप होतं.

हे चाललं की विजयाचा फरक आणा. वीसच्या आकड्याला फरक अधिक १ या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणा. ३ गुणांच्या विजयाला १.३९ पट, ७ ला २.०८, २१ ला ३.०९. लॉग घेण्याचं कारण असं की ३५ गुणांनी जिंकणं हे ७ गुणांनी जिंकण्याच्या पाचपट मोठं नसतं. सामना एकतर्फी झाला की शेवटी राखीव खेळाडू उतरतात आणि गुण स्वस्त होतात. इथे एक खड्डा आहे. मोठ्या फरकाने बहुतेक वेळा बलाढ्य संघच जिंकतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग विनाकारण फुगत जातं. उपाय म्हणून विजेत्याचं रेटिंग आधीच वरचढ असेल तर हा गुणक कमी करा : २.२ ला '२.२ अधिक रेटिंग-फरकाचा हजारावा भाग' या संख्येने भागा आणि त्याने गुणा. अंडरडॉग, म्हणजे कमी रेटिंगचा संघ, जिंकला असेल तर फरक ऋण धरा, मग गुणक वाढतो.

हंगाम संपला की प्रत्येक संघाला एक तृतीयांश १५०० कडे ओढा. १६२० वाला १५८० वर येतो, १४१० वाला १४४० वर. ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड), करार संपलेले खेळाडू, नवा कोच यांमुळे संघ दर वर्षी मध्याकडे सरकतात. ही पायरी गाळली की सप्टेंबरचे पहिले चार आठवडे हमखास फसतात. प्रीसीझनचे सामने शीटमध्ये घालू नका. त्यात मुख्य खेळाडू जेमतेम दिसतात.

या शीटला एक गोष्ट कळत नाही : क्वार्टरबॅक बदलला. ती हाताने सांगावी लागते. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न (पुणे) : कंपनीतल्या अमेरिकन टीमबरोबर आम्हीही अंदाज लावतो. पण 'क्वेश्चनेबल' लिहिलेला खेळाडू खेळतो आणि आमचा हिशेब बिघडतो. इंज्युरी रिपोर्ट नेमका कसा वाचायचा?

उत्तर : रविवारच्या सामन्यासाठी संघांना बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा तीन दिवस रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात सरावाच्या तीन नोंदी असतात : पूर्ण, मर्यादित किंवा सराव नाही. शुक्रवारी त्याला सामन्यासाठीचा शेरा जोडला जातो. 'आउट' म्हणजे नाही. 'डाउटफुल' म्हणजे जवळपास नाही. 'क्वेश्चनेबल' म्हणजे अनिश्चित, पण यांतले निम्म्याहून बरेच जास्त खेळतात. पूर्वी 'प्रॉबेबल' असाही शेरा होता, तो २०१६ मध्ये काढून टाकला. त्यामुळे बऱ्यापैकी बरे असलेलेही आता 'क्वेश्चनेबल'मध्ये येऊन बसतात, आणि तुमचा हिशेब तिथेच बिघडतो.

शेऱ्यापेक्षा दिवसांचा क्रम वाचा. बुधवारी सराव नाही, गुरुवारी मर्यादित, शुक्रवारी पूर्ण : हा खेळणार. बुधवारी पूर्ण, गुरुवारी मर्यादित, शुक्रवारी सराव नाही : हे वाईट लक्षण, आठवड्यात नवं काहीतरी दुखावलं आहे. तिशीपुढच्या नावाजलेल्या खेळाडूला बुधवारी सराव दिलेला नसतो. त्यापुढे 'विश्रांती' लिहिलेलं असेल तर दुर्लक्ष करा. शुक्रवारचा रिपोर्ट शनिवारी सकाळी चहा होईतो तुमच्या हातात असतो. शेवटची यादी, म्हणजे न खेळणाऱ्यांची, सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी एकच्या सामन्यांसाठी ती भारतात रात्री ९ वाजता, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की १० वाजता.

कोण नसल्याने किती फरक पडतो? क्वार्टरबॅक हा वेगळाच हिशेब आहे. चांगल्या क्वार्टरबॅकऐवजी राखीव उतरला तर आमच्या मते ३ ते ६ गुण धरावेत, एलोमध्ये ७५ ते १५०. बाकी कुणाही एकट्या खेळाडूला, पास झेलणारा रिसीव्हर कितीही नावाजलेला असो, एका गुणापेक्षा जास्त देऊ नये. एकाच ठिकाणची माणसं एकदम गेली की मात्र दुखतं : क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधले दोन नेहमीचे खेळाडू, किंवा रिसीव्हरना अडवणारे दोन्ही कॉर्नरबॅक. टीव्हीवर त्यांची नावं कुणी घेत नाही आणि स्प्रेडही कधी कधी त्यांच्याकडे उशिरा बघतो.

राखीव म्हणजे दुबळाच असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाचा कार्सन वेन्ट्झ गुडघ्याने गेला आणि निक फोल्स उतरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यानेच पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून सुपर बोल जिंकून दिला, सामनावीरही तोच.

प्रश्न (बफेलो, न्यू यॉर्क) : बर्फ पडणार असेल तर कमी गुणांचा अंदाज धरायचा ना?

उत्तर : बर्फापेक्षा वारा बघा. बर्फात रिसीव्हरला आपण कुठे वळणार ते माहीत असतं, त्याच्यामागच्या बचावपटूला नसतं, त्यामुळे घसरतो तो बहुधा बचावपटू. ताशी २५ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की लांब पास आणि लांब किक दोन्ही बिघडतात. ३० च्या पुढे कोच सामन्याचा बेतच बदलतात. तुमच्याच गावात ६ डिसेंबर २०२१ ला न्यू इंग्लंडने अख्ख्या सामन्यात तीन पास टाकले आणि १४-१० असा सामना जिंकला. अधूनमधून येणाऱ्या झोतांचा आकडा नको, सलग वाऱ्याचा घ्या, आणि तो सामन्याच्या वेळचा हवा, दिवसाचा नाही. छत असलेल्या स्टेडियमांत (मिनेसोटा, डेट्रॉइट, न्यू ऑर्लिन्स, लास व्हेगस) अर्थातच हे काही लागू नाही. दोन्ही संघांचे गुण घटले की फेव्हरिटची आघाडीही थोडी आकसते, एवढंच विजेत्याच्या अंदाजासाठी धरा.

प्रश्न (बंगळुरू) : मी पायथनमध्ये मॉडेल केलं. संघाचे सरासरी गुण, सरासरी यार्ड, टर्नओव्हरचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा) फरक, विजयाची टक्केवारी, २०१४ ते २०२३ चा डेटा. चाचणीत ७५ टक्के बरोबर आलं. प्रत्यक्षात नव्या हंगामाच्या पहिल्या आठ आठवड्यांत ५८. काय चुकलं?

उत्तर : ७५ आलं तेव्हाच थांबायला हवं होतं. सगळा बाजार मिळून ६६-६७ च्या आसपास असतो. चार रकान्यांचं मॉडेल त्याच्या आठ टक्के पुढे गेलं म्हणजे भविष्यातली माहिती मागच्या दाराने आत आली आहे.

ती कुठून आली ते तुमच्या रकान्यांवरूनच दिसतं. 'सरासरी गुण' ही पूर्ण हंगामाची सरासरी असणार. मग पाचव्या आठवड्याच्या सामन्याचा अंदाज करताना मॉडेलला त्याच सामन्यात झालेले गुण आणि सहाव्यापासून अठराव्यापर्यंतचे सगळे निकाल माहीत आहेत. विजयाची टक्केवारी तर सरळ उत्तरपत्रिकाच. प्रत्येक ओळीसाठी फक्त त्या सामन्याआधी संपलेल्या सामन्यांवरून सरासरी काढा. पांडाजमध्ये गट करून सरकती सरासरी घेत असाल तर आधी एका ओळीने मागे सरका, मग सरासरी घ्या. उलट क्रमाने केलंत तर चालू सामना परत आत येतो, आणि ही चूक एरर देत नाही.

दुसरी गोष्ट, चाचणीसाठी सामने यादृच्छिक निवडले असतील तर तेही बदला. २०१४ ते २०१९ वर शिकवा, २०२० वर तपासा. मग २०१४ ते २०२० वर शिकवा, २०२१ वर तपासा. असंच पुढे. हे केल्यावर तुमचा आकडा ६० ते ६४ वर येईल. निराश होऊ नका, तोच खरा आहे.

टर्नओव्हरचा फरक काढून टाका किंवा त्याचं वजन फार कमी करा. झालेला सामना समजावून सांगायला तो उत्तम आहे, पुढचा सांगायला कुचकामी. इंटरसेप्शनमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलण्यात, थोडं तरी कौशल्य असतं. फंबल झालेला, म्हणजे हातातून सुटलेला, चेंडू लांबट असल्याने कुठेही उडतो आणि कोणाच्या हाती लागेल हे जवळपास नाणेफेकीवर असतं. पाच सामन्यांत दहा फंबल उचललेला संघ सहाव्यातही उचलेल असं मानायला काही आधार नाही.

त्याऐवजी प्रत्येक चालीमागे वाढलेले अपेक्षित गुण, म्हणजे ईपीए, वापरा. एनएफएलव्हर्स या मुक्त प्रकल्पात १९९९ पासूनची एकेक चाल मिळते आणि त्यात ईपीए काढून ठेवलेला असतो. गुडघा टेकवून वेळ घालवलेल्या चाली आणि घड्याळ थांबवायला जमिनीवर आपटलेले पास गाळा. जिंकण्याची शक्यता ९५ च्या वर किंवा ५ च्या खाली गेल्यानंतरच्या चालींना कमी वजन द्या. पास आणि धाव वेगळे ठेवा, पासला जास्त वजन, कारण संघाची पासमधली ताकद पुढच्या आठवड्यात जास्त टिकते. प्रतिस्पर्धी किती तगडा होता याची दुरुस्ती करा. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या हंगामाचा आकडा मिसळा. आम्ही सुचवू तो ठोकताळा असा : झालेले सामने भागिले झालेले सामने अधिक ६, हे यंदाच्या आकड्याचं वजन. तीन सामन्यांनंतर एक तृतीयांश, सहानंतर निम्मं.

तुमच्या ५८ बद्दल मात्र घाई नको. आठ आठवड्यांत साधारण १२० सामने होतात. ६५ टक्के खरी कुवत असलेलं मॉडेलही एवढ्या सामन्यांत सव्वाचार टक्के इकडेतिकडे सहज जातं, आणि त्याच्या दुप्पट जाणंही अशक्य नाही. एका हंगामातल्या सगळ्या २७२ सामन्यांनंतरसुद्धा ही चूक तीनेक टक्क्यांची असते. ६३ वाला आणि ६६ वाला यांत एका वर्षात कोण चांगला हे ठरत नाही.

प्रश्न (शिकागो) : मी एका संघाला ७० टक्के दिले आणि तो हरला. माझा अंदाज चुकला का?

उत्तर : एका सामन्यावरून ते कळणारच नाही. वेधशाळेने ७० टक्के पाऊस सांगितला आणि पडला नाही, तसंच हे. ही तुलना सहज सुचलेली नाही, कारण अंदाज मोजण्याची रूढ पद्धत ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञानेच १९५० मध्ये मांडली. शक्यता दशांशात लिहा, जिंकला तर १ आणि हरला तर ०. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा आणि सगळ्या सामन्यांची सरासरी घ्या. ७० टक्के देऊन जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. ९० देऊन हरला तर ०.८१, म्हणजे फाजील आत्मविश्वास महागात पडतो. सगळीकडे ५० लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात. हंगामाची सरासरी ०.२१ ते ०.२२ आली तर तुमचं चांगलं चाललं आहे. शिवाय ६५ ते ७५ टक्के दिलेले सगळे सामने वेगळे काढा. त्यांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास जिंकले असायला हवेत. नव्वद टक्के जिंकले असतील तर तेही चुकीचंच : तुम्ही भित्रे आहात.

प्रश्न (मिलपिटस, कॅलिफोर्निया) : घरच्या मैदानाचे ३ गुण धरायचे असं सगळीकडे वाचलं. बरोबर आहे का?

उत्तर : जुना हिशेब. आता दीड ते दोन धरा, वरच्या शीटमधले ४५ एलो त्यातूनच आले. २०२० मध्ये बहुतेक स्टेडियमं रिकामी किंवा अर्धी रिकामी होती आणि यजमानांचा एकत्रित रेकॉर्ड १२७ विजय, १२८ पराभव, १ बरोबरी असा राहिला. गोंगाट नसला की पाहुण्या क्वार्टरबॅकला इशारे ऐकवता येतात, हे त्याचं एक कारण. डेन्व्हरला समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचीमुळे किंचित जास्त द्यायला हरकत नाही. लंडन, म्युनिक, साओ पावलो इथल्या सामन्यांत कागदावर यजमान कुणीही असो, शून्य धरा.

प्रश्न (अटलांटा, जॉर्जिया) : 'कॉन्फिडन्स' आणि 'सर्व्हायव्हर' या दोन्ही पूलमध्ये आहे. दोन्हींना एकच युक्ती चालेल का?

उत्तर : नाही. कॉन्फिडन्समध्ये १६ सामन्यांना १६ ते १ वजनं द्यायची असतात, एकूण १३६ गुण. शक्यतेच्या उतरत्या क्रमाने वजनं लावली की सरासरी गुण सर्वांत जास्त येतात, त्यात डोकं लढवण्यासारखं काही नाही. पण साठ जणांच्या पूलमध्ये पहिलं बक्षीस फक्त पहिल्याला असेल, तर सगळ्यांसारखं भरून तुम्ही सगळ्यांच्या मधोमधच राहाल. शक्यता ५० च्या जवळ असलेल्या एक-दोन सामन्यांत लोकांच्या विरुद्ध जा आणि त्यांना मधलं वजन द्या. १४ गुणांच्या फेव्हरिटविरुद्ध जाऊन शौर्य दाखवू नका.

सर्व्हायव्हरमध्ये आठवड्याला एकच संघ निवडायचा, तो हरला की तुम्ही बाद, आणि एकदा वापरलेला पुन्हा नाही. दर आठवड्याला ७५ टक्क्यांचा संघ मिळाला तरी अठरा आठवडे टिकण्याची शक्यता १७७ मध्ये १ आहे. म्हणून वेळापत्रक समोर ठेवून पुढच्या पाच-सहा आठवड्यांचे संघ आधीच राखून ठेवा. बलाढ्य संघ दुबळ्या पाहुण्याविरुद्ध घरी खेळतो तो आठवडा त्याच्यासाठी. साधारण पाचव्या ते चौदाव्या आठवड्यांत काही संघांचा बाय वीक, म्हणजे सुट्टीचा आठवडा, असतो आणि पर्याय कमी होतात हेही लक्षात घ्या. बरोबरी झाली तर काय, ते नियमांत वाचा. बऱ्याच पूलमध्ये तो पराभव धरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रीन बे आणि डॅलस ४०-४० वर सुटले होते.

प्रश्न (नाशिक) : टेलिग्रामवर एक जण पैसे घेऊन टिप देतो. पाच आठवडे सलग बरोबर आली. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. १०२४ लोकांना मेसेज पाठवायचा, निम्म्यांना एक संघ आणि निम्म्यांना दुसरा. ज्यांना चूक गेला त्यांना सोडून द्यायचं. पाच आठवड्यांनी ३२ जण उरतात, ज्यांना पाचही टिपा अचूक मिळालेल्या असतात. तुम्ही त्या बत्तिसांतले असाल. प्रामाणिक टिप देणाऱ्यालाही नेहमीच्या ११० ला १०० (११० लावून १०० जिंकायचे) या भावात नुसतं बरोबरीत राहायला ५२.४ टक्के अचूकता लागते, आणि तीही स्प्रेडविरुद्ध. ते दीर्घकाळ जमणारे फार थोडे, आणि जमलं तर ते विकत नाहीत. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो तुम्हाला ज्या ॲपकडे पाठवेल तिथे पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नाही. अंदाज वहीत लिहा, ब्रायर गुण काढा.

प्रश्न (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया) : शेवटच्या आठवड्यात माझं रेटिंग दर वर्षी आपटतं. का?

उत्तर : कारण अठराव्या आठवड्यात काही संघांना जिंकायचंच नसतं. प्लेऑफमधली जागा पक्की झाली की मुख्य खेळाडू बाकावर बसतात. जानेवारी २०२५ मध्ये १५-१ वर असलेल्या चीफ्सनी तसंच केलं आणि डेन्व्हरकडून ३८-० हरले. डेन्व्हरला प्लेऑफसाठी तो विजय हवाच होता. त्या आठवड्यात प्रत्येक संघापुढे एक रकाना वाढवा : जिंकून काय मिळणार, हरून काय जाणार. 'काहीच नाही' असं उत्तर असेल तिथे रेटिंग बाजूला ठेवून थेट स्प्रेड घ्या. आणि तो निकाल शीटमध्ये भरताना वीसऐवजी पाचने गुणा, नाहीतर प्लेऑफच्या पहिल्या आठवड्यातही हिशेब चुकेल.